बायका आहेतच किती खेळायला?

१९५४ सालच्या फेब्रुवारीत हमीदा बानू नावाच्या पैलवान बाईने जाहीर आव्हान दिलं : मला कुस्तीत हरवा, मी तुमच्याशी लग्न करीन. बाई तिशी ओलांडलेली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. त्या काळच्या वर्तमानपत्रांना तिच्या डावांपेक्षा तिच्या खुराकाचं कौतुक जास्त होतं. दिवसाला साडेपाच लिटर दूध, पावणेतीन लिटर सूप, एक अख्खी कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, वर दोन थाळ्या बिर्याणी, असा तो हिशेब छापून येई. ती नऊ तास झोपते आणि सहा तास मेहनत करते, हेही सोबत असे. कोणत्याही पुरुष पैलवानाच्या खुराकाची इतकी बारीक मोजदाद क्वचितच कुणी केली असेल.

त्या वर्षी पतियाळा आणि कलकत्त्याच्या पैलवानांना हरवून मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिथे तिची जोड होती छोटे गामा पैलवानाशी. त्याने ऐनवेळी बाईशी लढायला नकार दिला. मग बाबा पैलवान पुढे आला आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत चितपट झाला. गडी आता लग्नाच्या स्पर्धेतून बाद, असं पंचांनी जाहीर केल्याची गमतीदार बातमी एका वृत्तसंस्थेने जगभर पाठवली. आपण तोवर तीनशेहून जास्त कुस्त्या जिंकल्या आहेत, असा तिचा दावा होता.

ही हमीदा बानू मूळची मिर्झापूरची. अलीगढला सलाम पैलवान या वस्तादाच्या हाताखाली ती तयार झाली. तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र आपल्या कल्याणात गेला. सलाम पैलवानांबरोबर ती इथे आली, दुधाचा धंदा केला, काही खोल्या भाड्याने दिल्या, पुढे हात आखडला तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याकडेला बसून विकले. १९८६ साली ती कल्याणातच वारली. रेतीबंदरच्या तबेल्यांत पावसाचं पाणी शिरलं की म्हशी बायपासवर आणून बांधतात, हे कल्याणकरांना दरसाल दिसतं. दुधाच्या धंद्यातल्या या गावात जगाने नोंद घेतलेली एक पैलवान बाई १९८६ पर्यंत राहत होती, हे मात्र बहुतेकांना २०२४ च्या ४ मे रोजी गुगलने आपल्या पानावर तिचं चित्र लावलं तेव्हाच कळलं.

आखाड्यातून ती अचानक नाहीशी का झाली, याची एक हकीकत तिच्या नातवाने बीबीसीला सांगितली आहे. तिला युरोपात जाऊन लढायचं होतं. सलाम पैलवानांना ते मान्य नव्हतं. त्यांनी तिला मारलं, त्यात तिचे हात मोडले. एका शेजाऱ्यानेही तिचे पाय मोडल्याचं आणि पुढे कित्येक वर्षं ती काठीच्या आधाराने चालत असल्याचं सांगितलं. दोघांचं लग्न झालं होतं की नाही याबद्दल घरच्यांतही एकमत नाही. पण या घरगुती हकिकतीपेक्षा मला जास्त बोलकी वाटते ती आखाड्याबाहेरच्या कारभाऱ्यांची वागणूक, कारण ती कागदावर आहे.

पुण्यात हमीदाची कुस्ती रामचंद्र साळुंखे या पैलवानाशी ठरली होती. कुस्तीच्या संघटनेने हरकत घेतली आणि ती रद्द झाली. तिने थेट मुख्यमंत्र्यांकडे तक्रार केली. तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. त्यांचं उत्तर असं की, बंदी तू बाई आहेस म्हणून नाही. आयोजक तुझ्यापुढे खोटे, नावापुरते पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. कोल्हापुरात तिने एका पंजाबी पैलवानाला पाडलं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड मारले आणि पोलिसांना तिला सोडवून न्यावं लागलं. हरली असती तर बायकांचं हे कामच नव्हे म्हणाले असते. जिंकली तर कुस्ती लुटुपुटूची ठरली.

मोरारजींचं उत्तर सरळसरळ खोटं होतं असंही म्हणवत नाही. त्या काळचे दंगल भरवणारे तिकिटं खपवायला काहीही करत. हमीदाच्या एका कुस्तीनंतर एका लंगड्या आणि एका आंधळ्या पैलवानाची झुंज जाहिरातीत होती. १९४४ साली मुंबईत तिची कुस्ती गूंगा पैलवानाशी बघायला वीस हजारांच्या आसपास लोक जमले. गूंगाने जास्त पैसे मागितले, तयारीला वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. असा हा सगळा तमाशा होता हे खरं. प्रश्न एवढाच की या बाईला तमाशाबाहेर लढायला जागा कुठे होती? बायकांच्या स्पर्धा नव्हत्या, वजनगट नव्हते, तिला सभासद करून घेणारी संघटना नव्हती. खऱ्या स्पर्धेचं दार लावून घ्यायचं आणि मग ही खऱ्या स्पर्धा खेळत नाही म्हणून बंदी घालायची, असा तो न्याय होता.

असाच न्याय पुढे पन्नास वर्षांनी बर्फाळ देशांत लागला. तिथला खेळ आपल्याला अनोळखी आहे, म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. स्की जम्पिंगमध्ये खेळाडू पायाला लांब पट्ट्या बांधून उंच उतारावरून ताशी नव्वदेक किलोमीटरच्या वेगाने खाली येतो, टोकाशी पोचल्यावर उडी मारतो आणि पट्ट्या इंग्रजी व्हीच्या आकारात पसरून, अंग पुढे झोकून हवेवर तरंगत खाली उतरतो. लहान टेकडीवर ही झेप शंभर मीटरच्या आसपास जाते, मोठीवर आणखी लांब. गुण अंतराचे आणि डौलाचेही. इथे ताकदीइतकंच महत्त्व अंग हलकं असण्याला आणि हवेत शरीर धरून ठेवण्याला. खेळाडूंनी उपाशी राहून वजन उतरवू नये म्हणून फार हलक्या खेळाडूच्या पट्ट्या आखूड करण्याचा नियम करावा लागला, इतका हलकेपणाचा फायदा. पुरुष दांडगे म्हणून खेळ पुरुषांचा, हा कुस्तीत निदान ऐकायला बरा वाटणारा युक्तिवाद इथे लागूच पडत नाही.

तरीही १९२४ च्या शामोनीच्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून हा खेळ फक्त पुरुषांचा राहिला. बायका उड्या मारत नव्हत्या अशातला भाग नाही. नॉर्वेतल्या त्रिसिल गावच्या इन्ग्रिद वेस्तबीने १८६२ मध्ये उडी मारल्याची नोंद आहे. ऑस्ट्रियाची सरदारकन्या पाउला लाम्बर्ग १९११ मध्ये लांब झगा घालून बावीस मीटर उडाली. पण २००५ मध्येसुद्धा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जियान फ्रान्को कास्पर यांनी वैद्यकीय दृष्टीने हा खेळ बायकांना योग्य वाटत नाही, असं सांगून टाकलं. जमिनीवर उतरताना बसणाऱ्या हिसक्याने गर्भाशयाला धक्का पोचतो, ही जुनी समजूत या बोलण्यामागे उभी होती. कुठल्या तपासणीत ती सिद्ध झाली होती असं नाही.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने व्हँकूव्हरच्या २०१० च्या खेळांसाठी महिलांची स्की जम्पिंग नाकारली. आता वैद्यकीय कारण मागे पडलं होतं. नवं कारण असं : खेळणाऱ्या बायका थोड्या, देश थोडे, दर्जा अजून तेवढा नाही. त्याच बैठकीत स्की क्रॉस हा नवा प्रकार पुरुष आणि महिला दोघांसाठी मंजूर झाला, म्हणजे नव्या खेळाला जागा नव्हती असं नव्हे. निरनिराळ्या देशांच्या उडी मारणाऱ्या मुली एकत्र आल्या आणि त्यांनी आयोजन समितीला ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात खेचलं. त्यांतली अमेरिकेची लिंडसे व्हॅन २००९ मध्ये लिबरेत्सला महिलांची पहिली जगज्जेती झाली. व्हँकूव्हरसाठी बांधलेल्या नव्या छोट्या टेकडीवर सर्वांत लांब, १०५.५ मीटरची उडीही तेव्हा तिच्याच नावावर होती. ती उडी पुरुषांपेक्षाही लांब होती. ज्या टेकडीवर तिचा विक्रम, तिथल्या स्पर्धेत तिला प्रवेश नाही.

२००९ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती लॉरी अ‍ॅन फेन्लन यांनी निकाल दिला. भेदभाव झाला आहे, असं त्यांनी मान्य केलं. पण कोणते खेळ घ्यायचे हे स्थानिक आयोजक ठरवत नाहीत, ते ऑलिम्पिक समिती ठरवते आणि कॅनडाची हक्कांची सनद त्या समितीला लागू होत नाही, म्हणून दाद देता येत नाही. अपील हरलं. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. कायद्याने हरलेल्या या खटल्याने एक काम मात्र केलं. ‘हा भेदभाव आहे’ हे वाक्य न्यायालयाच्या कागदावर आलं, आणि मग ‘आम्ही फक्त संख्या बघतो’ असं तोंडभरून म्हणणं अवघड झालं. २०११ च्या एप्रिलमध्ये समितीने परवानगी दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महिलांची विश्वचषक मालिका सुरू झाली. ११ फेब्रुवारी २०१४ ला सोचीत तीस मुली उडाल्या आणि जर्मनीच्या करीना फोग्टने पहिलं सुवर्ण घेतलं. पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेला तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.

आपल्याकडे बर्फ नाही. हिवाळ्याचा खेळ म्हणाल तर कुस्तीच. दिवाळी झाली की फड लागू लागतात आणि चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांत नारळापासून लाखाच्या इनामापर्यंत कुस्त्या चालतात. कल्याण-भिवंडी पट्ट्यातली आगरी-कोळी गावंही याला अपवाद नाहीत. या खेळातला राज्याचा सर्वांत मोठा किताब महाराष्ट्र केसरी. तो १९६१ साली सुरू झाला. महिलांचा महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाला मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. मध्ये बासष्ट वर्षं गेली. त्या पहिल्या अंतिम लढतीत एका बाजूला होती सांगली जिल्ह्यातल्या तुंगची प्रतीक्षा बागडी, दुसऱ्या बाजूला कल्याणची वैष्णवी पाटील. गदा प्रतीक्षाने घेतली.

वैष्णवी मांडा-टिटवाळ्याची. म्हणजे महागणपतीच्या दर्शनाला आपण ज्या लोकलने जातो त्या स्टेशनची, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतली. सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत ती ६५ किलो गटात भारताकडून उतरली. या ठाणे जिल्ह्यात क्रिकेटचे क्लास गल्लोगल्ली आहेत. फ्रीस्टाइल कुस्तीत जगाच्या स्पर्धेला गेलेली मुलगी मात्र विरळा, आणि तिची बातमी स्थानिक पानाच्या खालच्या कोपऱ्यात यावी इतके आपण क्रिकेटवेडे.

हमीदा आणि वैष्णवी यांच्या मध्ये नेमकं काय बदललं? लोकांची मनं बदलली असं उत्तर पटकन सुचतं. ते थोडंफार खरंही असेल. पण त्याहून जास्त बदलली ती कुस्तीची जमीन. आपली तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हे. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवलेली असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोल्हापूरच्या गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग तालमींत पोरं नुसती सरावाला येत नाहीत, तिथे राहतात. पहाटे उठून मेहनत करायची, दुपारी तिथेच जेवायचं, तिथेच निजायचं, वस्तादांच्या नजरेखाली वर्षानुवर्षं काढायची. भिंतीवर मारुतीराया. ब्रह्मचर्य हा शिस्तीचा पाया. लंगोटावरच्या पुरुषांच्या या मठात मुलगी सरावाला जरी आली तरी मुक्कामाला राहणार कुठे? हमीदाची अडचणही अशीच होती. तिच्यापुढे एकच वाट होती, एका वस्तादाचं घर. त्या घराने तिला घडवलं आणि तिच्या नातवाचं म्हणणं खरं मानलं तर त्याच घराने तिला थांबवलंही.

मॅट आली आणि हे चित्र हललं. मॅट शाळेच्या हॉलमध्ये अंथरता येते, जिल्हा क्रीडा संकुलात येते, संध्याकाळी गुंडाळून ठेवता येते. तिच्यावर कुठल्या दैवताचा किंवा घराण्याचा हक्क नसतो. मातीतली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालायची. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण, वजनगट, अंगात सिंगलेट. जुने पैलवान मॅटला ‘गादी’ म्हणतात, आणि गादीवर कुस्तीचा जीव जातो अशी त्यांची तक्रार असते. ती तक्रार मला समजते. मातीतल्या निकाली कुस्तीची मजा गुणांच्या पाटीवर नाही. पण मुलींसाठी याच गादीने दार उघडलं, हेही त्या तक्रारीच्या हिशेबात धरायला हवं. वडणगेच्या रेश्मा मानेपासून मुरगूडच्या आखाड्यात वाढलेल्या स्वाती शिंदे, नंदिनी साळोखे यांच्यापर्यंत कोल्हापूरच्या मुली पुढे आल्या त्या मॅटवरून.

जगातही क्रम तोच. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची कुस्ती १८९६ च्या अथेन्सपासून आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेत झाली, ऑलिम्पिक प्रवेश २००४ मध्ये, पुन्हा अथेन्सलाच, फक्त चार वजनगटांत. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य जिंकलं ते १९५२ मध्ये, म्हणजे हमीदाच्या बडोद्याच्या कुस्तीच्या दोनच वर्षं आधी. दोघांचा काळ एक, मुंबई राज्य एक. खाशाबांनाही सरकारी पैशासाठी वणवण करावी लागली, गावाने वर्गणी काढून त्यांना पाठवलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांना पाठवायला निदान एक स्पर्धा होती, एक वजनगट होता. हमीदासाठी गावाने वर्गणी काढली असती तरी पाठवायचं कुठे?

‘बायका आहेतच किती?’ या सबबीचा फोलपणा सगळ्यात उघड दिसतो तो नॉर्डिक कम्बाइन्ड या खेळात. सकाळी स्की जम्पिंग, नंतर बर्फावर स्कीची शर्यत, पुरुषांना दहा किलोमीटरची. उडीत जो पुढे, तो शर्यतीत तेवढे सेकंद आधी सुटतो. २०२६ च्या मिलान-कोर्तिना खेळांत हिवाळी ऑलिम्पिकमधला हा एकमेव खेळ बायकांना बंद राहिला. महिलांचा पहिला विश्वचषक डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या राम्साउला झाला, अमेरिकेच्या तारा गेराटी-मोट्सने तो जिंकला. पहिली जागतिक स्पर्धा २०२१ मध्ये. २०२२ च्या जूनमध्ये ऑलिम्पिक समितीने तरीही नकार दिला. कारण : देश थोडे, पदकं ठरावीक देशांतच जातात, बघणारे कमी. त्याच निवेदनात एक गंमत आहे. मागच्या तीन हिवाळी ऑलिम्पिकांत पुरुषांची सगळी पदकंही चारच देशांनी वाटून घेतली होती आणि त्यांनाही प्रेक्षक कमीच होते, हे समितीनेच लिहिलं. पुरुषांना तरीही राहू दिलं, त्यांच्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं तयारी केली आहे म्हणून. अमेरिकेची अ‍ॅनिका मालासिन्स्की आणि तिचा भाऊ निक्लस दोघंही हाच खेळ खेळतात. ऑलिम्पिकचं दार उघडं ते भावालाच.

आता काटा उलटा फिरायला लागला आहे. बायकांशिवाय चालणारा खेळ ऑलिम्पिकच्या आजच्या धोरणात बसत नाही, त्यामुळे २०३० च्या फ्रेंच आल्प्समधल्या खेळांसाठी नॉर्डिक कम्बाइन्डचं पुरुषांचं आसनही डळमळीत झालं. कुस्तीवर ही पाळी आधीच येऊन गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला कायमच्या खेळांतून वगळायची शिफारस केली तेव्हा आपल्याकडे हाहाकार उडाला. कुस्ती महासंघाला नियम सोपे करावे लागले, कारभार बदलावा लागला आणि महिलांचे वजनगट चारावरून सहा करून पुरुषांचे तेवढे कमी करावे लागले. त्या सप्टेंबरात ब्युनोस आयरेसच्या बैठकीत कुस्ती परत आली. २०१६ मध्ये रिओत साक्षी मलिकने भारतीय महिला कुस्तीतलं पहिलं ऑलिम्पिक पदक जिंकलं, ते ५८ किलो गटात. लंडनच्या २०१२ च्या खेळांत महिलांचे गट होते ४८, ५५, ६३ आणि ७२. म्हणजे ५८ चा गट याच फेरमांडणीतून आलेला.

टिटवाळ्याच्या मुलीपुढचा प्रश्नही किलोंचाच आहे. जागतिक स्पर्धेत महिलांचे दहा गट असतात, ऑलिम्पिकमध्ये सहाच : ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६. झाग्रेबला वैष्णवी खेळली तो ६५ चा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. तिला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकचा विचार करायचा तर तीन किलो उतरवून ६२ मध्ये जायचं, जिथे मुली चपळ असतात, की अंगात भर घालून ६८ मध्ये, जिथे त्या तिच्याहून जड असतील, हे तिला आणि तिच्या वस्तादांना ठरवावं लागेल.